‘आनंद करा’ ऐकून रडू येतं तेव्हा

“मॅडम, मला अजून रडू येतं, म्हणजे माझा विश्वास कच्चा आहे का?” ठाण्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न सतत येतो. कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणाची नोकरी, कुणाच्या घरी डायलिसिस चालू असतं. त्यात मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, प्रेमळ माणसंच आणखी एक ओझं ठेवतात: “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.”

ऐरोलीच्या एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पती लांबलेल्या आजारात गेले. ताई उपासना चुकवत नसत, घरसभेत हसतमुखाने साक्ष देत, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगत. रात्री मुलगी झोपली की मात्र स्वयंपाकघरातला नळ सोडून रडत.

“नळ कशाला?”

“आवाज जायला नको. तिने पाहिलं तर तिचाही विश्वास डळमळेल.”

आनंद करा हे वचन त्यांना तोंडपाठ होतं. फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचन ४. मी म्हटलं, “घरी सगळं पत्र वाचा. चारच अध्याय आहेत. एका बैठकीत, मोठ्याने.” मी धर्मोपदेशक नाही, पण माणूस ज्या ग्रंथाला मानतो त्यातूनच त्याची वाट शोधावी, असं माझं मत आहे.

पुढच्या भेटीत त्यांनी बायबल उघडून दुसऱ्या अध्यायावर बोट ठेवलं. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे. त्याचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचलाय. पौल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून.

“म्हणजे तो गेला असता तर पौलालाही जड गेलं असतं?”

“तोच लिहितोय तसं.”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, “मग आमच्या ह्यांच्यावर का नाही केली दया?” आणि रडल्या. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

याच क्षणाची मी वाट पाहत होते. इथे उत्तर द्यायची घाई झाली की माणूस पुन्हा मिटतो. मी उत्तर दिलं नाही, माझ्याकडे नव्हतंही. स्तोत्र ८८ काढून दिलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे अंधारातच संपतं. “हेही बायबलमध्ये आहे?” असं विचारून त्यांनी ते दोनदा वाचलं. देवाला ‘का?’ विचारणारा माणूस देवाशी बोलतच असतो. अबोला धरलेला नसतो.

दुःख दाबलं की आनंदही दबतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. ताईंनी एकदा मुलीसमोर डोळे पुसले, तर ती म्हणाली, “मला वाटायचं, तुला पप्पांची आठवणच येत नाही.” त्या रात्री दोघी उशिरापर्यंत बोलत बसल्या. पप्पा बोंबलाच्या भावावरून कोळणीशी कसे हुज्जत घालायचे ते आठवून हसल्याही. “हसले आणि दचकले, मॅडम. पण ते हसू साक्षीतल्यासारखं नव्हतं.” माझ्या मते तोच ख्रिस्ती आनंद. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. ते रडणं अविश्वासाचं कसं म्हणायचं?

नातेवाइकांना आणि पाळकसाहेबांना माझं सांगणं असतं की वचन नंतर सांगा, आधी शेजारी बसा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शोक करणाऱ्यांबरोबर शोक करायलाही सांगितलंय. घरसभेत “आज मला आनंद नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा” असं कुणाला म्हणता आलं, तर ती सभा निरोगी.

मात्र झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवा. ठाण्यात हे म्हटलं की लोकांना लगेच इथलं मनोरुग्णालय आठवतं आणि विषय बदलतो. तिथवर जायला संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.