आकडा जिथे नोंदला जातो तिथे जा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

आकडेमोड संगणकच करणार असेल तर उपयोजित संख्याशास्त्र हा मुख्य विषय घेऊन तीन वर्षे का घालवायची, असे तू गेल्या रविवारी विचारलेस आणि लगेच लासलगावच्या कांदाभावावरचा तुझा प्रकल्प माझ्यापुढे ठेवलास. आलेख देखणे होते. परंतु किमान, कमाल आणि सर्वसाधारण या तीन रकान्यांपैकी सर्वसाधारण भाव कसा ठरतो, ज्या भावाने अधिक माल विकला गेला त्याला त्यात अधिक भार मिळतो का, हे विचारताच तू गप्प झालीस. निफाडहून लासलगाव कितीसे दूर आहे? तू तिथे एकदाही गेली नाहीस याचा मला राग आला आणि तो अजून ओसरलेला नाही.

रागाचे कारण जुने आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी नवा असताना गुणवत्ता नियंत्रणाचे आलेख माझ्याकडे होते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये मांडलेली ही पद्धत मला तोंडपाठ होती: दर तासाला पाच नग मोजायचे, त्यांची सरासरी आलेखावर मांडायची. तीन आठवडे सगळे बिंदू मधल्या रेषेला चिकटून राहिले आणि मी समाधानाने सह्या केल्या. इतके कमी चढउतार हीच धोक्याची खूण असते, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. माल परत आला तेव्हा मूळ नोंदवही उघडली. पूर्ण पाळीच्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेल्या होत्या. शेवटचा अंक बहुतेक ठिकाणी शून्य किंवा पाच. नग मोजायचे उपकरण, म्हणजे मायक्रोमीटर, कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असे, तो पंधरा दिवस रजेवर होता. यंत्रापासून माझे टेबल चाळीस पावलांवर होते.

त्यानंतर मोजणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही केली नाही. त्यापायी दोनदा बढती हुकली, सहकाऱ्यांनी हेकट म्हटले. आजही मी तसेच वागेन, कारण आकडा जिथे नोंदला जातो तिथे गेल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा अधिकार मिळत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांत, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज बांधण्याच्या प्रयोगांत, दाखवले की फार लहान तुकडा कापला तर उत्पादन वाढीव दिसते, कारण सीमेवरची रोपे आत धरली जाण्याकडे कल असतो आणि तुकडा जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा. ही चूक सूत्रात सापडत नाही, बांधावर उभे राहिल्यावर सापडते. संगणक तुला बांधावर नेणार नाही. नमुना सर्वेक्षण आणि प्रयोगांची आखणी हे विषय नेतील, म्हणून हाच मुख्य विषय घे. संगणकाच्या भाषा आणि आकडेमोडीची पॅकेजेस तू सुटीतही शिकशील.

प्रकल्प द्यायला अजून तीन आठवडे आहेत. एका सकाळी लिलावाला जाऊन उभी राहा, प्रत्येक वाहनाला लागलेला भाव आणि काट्यावरचे वजन स्वतःच्या हाताने वहीत लिही, त्यावरून भारित सरासरी काढ आणि ती बाजार समितीने जाहीर केलेल्या सर्वसाधारण भावाशी जुळते का ते पाहा. मग ये, आणि येताना ती वही आण.

तुझा,
काका