सकाळच्या पीटीत साहेबांनी उतरावं का?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून एका बटालियनचा कमांडिंग ऑफिसर आहे. जवानांबरोबर रोज पीटी करावी, असं मला मनापासून वाटतं. सहकारी म्हणतात, वरिष्ठ आले की जवान मोकळे राहत नाहीत आणि आपण मागे पडलो तर पदाचा मान जातो. काय करावं?

उत्तर : जरूर उतरा, पण रोज नको. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस पुरेत, एक धावण्याचा आणि एक ताकदीचा. बाकीचे दिवस स्वतःच्या तयारीला ठेवा. तुकडीची कसरत मधल्या फळीच्या कुवतीवर बेतलेली असते, त्यामुळे ४७व्या वर्षी शरीराला जे हवं ते सगळं तिच्यातून मिळत नाही.

मागे पडल्याने मान जात नाही. पहिली फेरी मारून फोन कानाला लावत बाजूला उभं राहिलं, की मात्र जातो. मोकळेपणाचा मुद्दा खरा आहे आणि तो नुसता मनाचा नाही, त्यातून माणसं जखमी होतात. वरिष्ठ दिसले की इन्स्ट्रक्टर ठरलेला कार्यक्रम वाढवतो आणि जवान दुखणं लपवतो. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच जागी कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. असा जवान एरवी इन्स्ट्रक्टरला हळूच सांगेल, तुमच्या खांद्याला खांदा लावून धावताना ओठ आवळून पळत राहील. नव्या किंवा सुट्टीवरून परतलेल्या मुलांकडून एकदम शेकडो जोर-बैठका काढून घेतल्या, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. नंतरच्या एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठायचा. म्हणून कार्यक्रम आदल्या संध्याकाळी लिहून ठेवायला सांगा, आणि तुम्ही आलात म्हणून त्यात एकही फेरी वाढणार नाही हे सर्वांसमोर एकदा स्पष्ट बोला. अचानक भेटी टाळा. ठरल्या वारी ठरल्या वेळी येणाऱ्या वरिष्ठांची चारसहा आठवड्यांत सवय होते.

आता वयाचं. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा काढायची तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करतात. २२ वर्षांच्या जवानाची ती १९३च्या आसपास येते, तुमची १७५. दोघांचेही ठोके १५५ वर असले, तर तो मर्यादेच्या ८० टक्क्यांवर धावतोय आणि तुम्ही जवळजवळ ८९ वर. सूत्र सरासरीचं आहे, दहाएक ठोक्यांचा फरक सहज पडतो. पण तोच वेग तुम्हाला जड का जातो, ते यावरून कळेल. यात कमीपणा काही नाही. अमेरिकी लष्कराच्या जून २०२५ पासून लागू झालेल्या चाचणीतही २ मैलांच्या धावेचे गुण वयोगट पाहूनच देतात.

चाळिशीनंतर आधी दगा देते ती पोटरी, नाहीतर टाचेची शिर. तेही लांब धावेत कमी. थंड अंगाने मारलेली स्प्रिंट आणि शटलची, म्हणजे दोन खुणांमध्ये मागेपुढे धावतानाची, झटक्यात घेतलेली वळणं घात करतात. तुकडी फॉल-इन होण्याआधी, म्हणजे रांगेत उभी राहण्याआधी, १० मिनिटं मैदानावर पोहोचा. पाच मिनिटं चाल आणि हलकी धाव, मग २० वेळा टाचा उचलणं, प्रत्येक पायाचे १० लंज (पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं) आणि शेवटी ६० मीटरच्या तीन धावा : पहिली निम्म्या वेगाने, तिसरीही पूर्ण ताकदीने नाहीच. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली-वर करण्याचे १५चे तीन सेट आठवड्यातून दोनदा करा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. स्प्रिंटनंतर पुढचे ४८ तास दुसरी स्प्रिंट नको. वर्षानुवर्षं खुर्चीत गेली असतील, रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपान असेल, घरात हृदयविकार असेल, तर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि सहा आठवडे एकट्याने तयारी करून मगच रांगेत या. छातीवर दाब किंवा चक्कर जाणवली, तर त्या क्षणी थांबायचं. तिथे पद आड येऊ देऊ नका.

धावताना जागा कुठली घ्यावी, हे फार महत्त्वाचं. बहुतेक वरिष्ठ सवयीने पुढे जातात. रांग रबरासारखी ताणते : पुढच्याने वळणावर किंचित वेग वाढवला, की पडलेलं अंतर भरून काढायला शेवटच्या ओळीला जवळजवळ स्प्रिंट मारावी लागते, पुन्हा थबकावं लागतं, पुन्हा स्प्रिंट. पुढे धावणाऱ्याला हे कधीच कळत नाही. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात धावा. कोणाच्या बुटाचा तळ एकाच बाजूने झिजलाय, कोण एका पायावर कमी भार टाकतोय, बटालियनमधली कुठली कंपनी (तुकडी) नेहमी अर्धी असते, हे तिथून दिसतं. ते दोन दिवसांनी त्या कंपनी कमांडरशी एकट्यात बोला, मैदानावर नाही.

प्रश्न : मी पीटी इन्स्ट्रक्टर आहे. आमचे एक वरिष्ठ येतात, पण त्यांना वेग झेपत नाही आणि जोर मारताना कंबर खाली झुकते. सर्वांसमोर सांगायचं कसं?

उत्तर : कसरत सुरू असताना मैदानावर शब्द इन्स्ट्रक्टरचा, हे त्यांच्याशी आधीच, कार्यालयात बोलून घ्या. चांगला वरिष्ठ ते आनंदाने मान्य करतो. मग मैदानावर नाव न घेता पूर्ण ओळीला हुकूम द्या, ‘कंबर सरळ, पोट आवळून’, आणि त्यांच्याजवळून जाताना तोच हुकूम पुन्हा द्या. तरीही सुधारलं नाही, तर सर्वांनाच हात उंच ओट्यावर टेकवून १० जोर काढायला लावा. कोन सोपा झाला की कंबर आपोआप जागेवर येते.

धावेसाठी अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. सगळे आपापल्या दमाने १२ मिनिटं सरळ रस्त्याने पुढे जातील आणि घड्याळ पाहून जिथे असतील तिथून उलटे फिरतील. शिट्टीवर विसंबू नका, लांबच्यांना ती ऐकू येत नाही. सर्वांत मागचा आता सर्वांत पुढे असतो, आणि वेग सारखा राखला तर २४व्या मिनिटाला अख्खी तुकडी एकत्र परत येते. कोणी उघडा पडत नाही आणि वेगवान मुलांचा व्यायामही वाया जात नाही. परतीला वेळ जास्त लागला, तर जाताना घाई केली होती हे ज्याचं त्याला कळतं.

उन्हाळ्यात मात्र वरिष्ठांसमोर शेवटची ‘चुरशीची फेरी’ ठेवू नका. उष्माघात बऱ्याचदा जिद्दीने पळणाऱ्यालाच गाठतो. कोणी अडखळू लागला, विसंगत बोलू लागला किंवा विनाकारण चिडला, तर तो कोणत्याही पदाचा असो, त्याला तिथल्या तिथे गार पाण्यात बुडवा किंवा ओल्या, बर्फाळ चादरींत गुंडाळा. दवाखान्याला कळवणं चालू राहू द्या, पण हलवण्याआधी अंग गार करायचं.

प्रश्न : गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मला चार महिने धावायला मनाई आहे. तोवर मैदानात येऊन नुसतं पाहावं का?

उत्तर : गणवेशात, हात मागे बांधून उभे राहू नका, ती तपासणी वाटते. पीटीच्या कपड्यांत या आणि दुखापतग्रस्तांच्या गटात बसा. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिलेलेच व्यायाम, तेवढ्याच संख्येने करा. वैद्यकीय सूट मिळालेला जवान शेजारी असेल, तर त्यालाही आपली सूट मोडून धावायला जावंसं वाटणार नाही.