कुऱ्हाडीत पोलाद उरलंय का?

प्रश्न : जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची कुऱ्हाड सापडली. तोंड झिजून आखूड झालंय, दांडा वाळवीनं पोखरलाय. गॅरेजमध्ये ग्राइंडरवर धार लावून आणली, पण बाभळीवर चार घाव घातले की मुडपते. नवं पोलाद भरून घ्यावं की शोभेला भिंतीवर टांगावी?
– एक वाचक, भोर

उत्तर : टांगायची घाई नको. धार मुडपते याची दोन कारणं असतात. तोंडाचं पोलाद संपलं, किंवा ग्राइंडरच्या उष्णतेनं त्याचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, उतरवलं. धार लावताना कडेला निळी झाक आली होती का, आठवून बघा. आली असेल तर दुसरं कारण.

जुन्या कुऱ्हाडीचं अंग मऊ लोखंडाचं, पोलाद फक्त तोंडाशी. ते महाग, म्हणून जपून घालायचे. तोंड पॉलिश पेपरनं उजळ करा, व्हिनेगरचं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. पोलाद काळवंडतं, लोखंड फिकं राहतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. काळा पट्टा बोटभर असला तर नुसतं पाणी देऊन भागेल. सगळंच फिकं दिसलं तर मात्र पोलाद भरावंच लागेल.

त्यासाठी तोंड लाल करून छन्नीनं मधोमध फाडतात, पोळीचे पदर सुटावेत तसं. फटीत पोलादाची पाचर, वर टाकणखार, आणि लोणारी कोळशाची धग. रंग पिवळट पांढरा, साधारण बाराशे-साडेबाराशे अंशांचा हवा. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या तर पोलाद जळायला लागलं समजा. आमच्याकडे भाता आई ओढायची. वडील हातात घण घेऊन उभे, पण नजर तिचीच. “अहो, आला रंग,” म्हटलं की सांडशी बाहेर. तिथून पुढे दोन-चार श्वासांचा खेळ, जोड बसला तर बसला.

आता पोलाद बहुतेक ठिकाणी ट्रकच्या कमानीच्या पट्टीचं मिळतं. चांगलं असतं, पण ते तेलात विझवायला सांगा. तरुणपणी मी एकदा सवयीनं बादलीत बुडवलं. टिच्च आवाज झाला आणि धारेपासून आत चीर गेली. ज्यांची कुऱ्हाड होती त्या म्हाताऱ्यांनी ती मुकाट पिशवीत घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विझवल्यावर काम संपत नाही. तेव्हा धार काचेसारखी असते, गाठीवर बसली की तुकडा उडतो. थोडी जागा घासून चकचकीत करायची आणि मागच्या बाजूनं हळू ऊब द्यायची. रंग धारेकडे सरकत येतात : पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. कुऱ्हाडीला तपकिरी जांभळ्यात शिरताना थांबायचं. निळ्यापर्यंत गेलात तर ग्राइंडरवाल्यानं केलं तेच पुन्हा केलंत.

तुंब्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, अडकलेलं लाकूड जाळून काढायला कुऱ्हाड चुलीत टाकू नका. ही चूक फार जण करतात, उरलंसुरलं पाणीही त्यात जातं. ड्रिलनं भोकं पाडा आणि ठोकून काढा. वेल्डिंगवाल्याकडेही नेऊ नका. जोड दिसायला छान होतो, धारेला उपयोगाचा नसतो.

लोहार कुठे शोधायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. पेरणीच्या आधी घिसाड्यांची पालं बाजारच्या गावाबाहेर पडतात. घरची बाई घण मारत असेल, तर बिनधास्त कुऱ्हाड द्या. तासभर समोर बसा. मजुरीत घासाघीस करू नका.

दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम, पण पुरता वाळलेला हवा. ढिला झाला की पाण्यात बुडवून ठेवायची आपल्याकडे खोड आहे. लाकूड फुगतं, दिवस निघतो, वाळलं की पहिल्यापेक्षा ढिलं. त्यापेक्षा नवी पाचर ठोका.