कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) दोन पार्श्वभूमी थ्रेड, म्हणजे मागे स्वतंत्रपणे चालणारी कामे, एकाच लॉकसाठी (सामायिक माहिती एका वेळी एकालाच हाताळू देणाऱ्या कुलपासाठी) अडत असतील, तर काय करावे?

डिस्कवर लिहिणारा आणि जुन्या नोंदी साफ करणारा असे आपले दोन थ्रेड एकाच लॉकवर ताटकळतात. एका लॉकचे अनेक छोटे लॉक करण्याआधी तो किती वेळ धरला जातो हे मोजावे, कारण बहुधा दोष तिथेच असतो. लॉक घेऊन नोंदींची संपूर्ण यादी थ्रेडच्या स्वतःच्या स्थानिक यादीत हलवावी, तो लगेच सोडावा आणि डिस्कचे संथ काम त्यानंतरच करावे. मात्र हलवलेल्या नोंदी दुसऱ्या कोणी मेमरीतून मुक्त करू नयेत म्हणून त्यांचा संदर्भ-मोजणीचा आकडा (नोंद किती जण वापरत आहेत याची मोजणी) लॉक सोडण्याआधीच वाढवावा. सफाईला घाई नसते, तेव्हा त्या थ्रेडने लॉक मिळाला नाही तर पुढच्या फेरीला यावे.

एवढ्याने भागले नाही, तर प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला कामांची स्वतंत्र रांग द्यावी. सगळी वाहतूक एकाच चौकातून नेली की काय होते, हे आम्हा नाशिककरांना द्वारका चौकात रोज दिसते. लिनक्स कर्नलच्या ब्लॉक स्तरानेही (डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्या हाताळणाऱ्या भागानेही) ३.१३ आवृत्तीत (२०१४) हाच मार्ग धरला.