बारातली दारू आणि तिचे ‘सातत्य’

लांब पल्ल्याच्या नेमबाजीवरील एका मजकुराचे भाषांतर करताना डिचोलीच्या एका वाचकाने असे वाक्य केले आहे : ‘काडतुसातील ४२ कण पावडरच्या वजनात सातत्य असल्यास गोळीचा वेग अचूक राहतो.’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘पावडर चार्ज’ला मराठी शब्द कोणता, असे त्यांनी विचारले आहे.

शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे ‘बार’. एका वेळी बंदुकीत भरायची दारू म्हणजे बार. पुढे तिच्या आवाजालाही बारच म्हणू लागले, आणि तळहातावर चुन्याशी मळून गालात धरायची तंबाखूसुद्धा आपण ‘बार भरला’ अशीच सांगतो. अडचण आहे ती फक्त आमच्या गोव्यात. ‘बारातील दारू मोजून घ्यावी’ असे लिहिले, तर म्हापशाचा वाचक ते पेल्याविषयीच आहे असे समजेल. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘काडतुसातील दारूचा बार’ असे सविस्तर लिहावे. जुन्या गोव्याजवळ पोर्तुगीजांचा दारूचा कारखाना होता, तरी त्यांचा ‘पोल्व्होरा’ मराठीत रुजला नाही. ‘कार्तुशु’ मात्र काडतूस होऊन राहिला.

‘कण’ ही चूक गंभीर आहे. ही दारू दाणेदार असल्यामुळे वाचणारा खरोखरच दाणे मोजायला बसेल. मुळातला ‘ग्रेन’ हे वजन आहे : १८० ग्रेनचा एक तोळा, आणि ९६ गुंजांचा तोळा धरला तर एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी अधिक भरते. हौशी नेमबाज ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे गुंजेच्या जवळजवळ एकोणिसाव्या भागापर्यंत, बार तोलतात. ‘ग्रेन’ तसाच ठेवावा. ‘ग्रॅम’ तर चुकूनही करू नये, कारण एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन बसतात आणि तेवढी दारू त्या काडतुसात मावणारही नाही.

आता ‘सातत्य’. सातत्य म्हणजे खंड न पडणे. रियाजात सातत्य असते. इथे अभिप्रेत आहे तो एका बाराचा दुसऱ्याशी असलेला एकसारखेपणा. तो अचूकपणाहून वेगळा आहे. काटा प्रत्येक वेळी तेवढेच जास्त दाखवत असेल, तर बार चुकीचे पण एकसारखे होतील आणि गोळ्यांचे वेगही एकमेकांच्या जवळ राहतील. अर्थात बंदुकीतला दाब खऱ्या वजनावर ठरत असल्यामुळे असा काटा वापरणे धोक्याचेच. बार जड झाला की वायूचा दाब वाढतो आणि गोळी वेगाने सुटते, हलका झाला की मंद. मंद गोळीला लक्ष्यापर्यंत जायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती अधिक खाली येते. शंभर मीटरवर हा फरक सहसा जाणवत नाही, हजार मीटरवर मात्र छिद्रे वरखाली विखुरलेली दिसतात. शिवाय काडतुसाच्या पोकळीतला फरक, टोपीचा (काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या, आघाताने पेटून दारू पेटवणाऱ्या भागाचा) पेट आणि हवेची उष्णता हेही वेग बदलतात. त्यामुळे ‘असल्यास राहतो’ ही हमी मूळ विषयालाच धरून नाही.

पाठ्यपुस्तकी काटेकोरपणाने इथे ‘चाल’ (दिशा न धरता मोजलेला वेग) म्हणायला हवे, पण गोळीची चाल कोणी म्हणत नाही, ‘वेग’च ठेवावा. मी वाक्य असे करीन : ‘प्रत्येक काडतुसातील दारूचा बार वजनाला जितका एकसारखा, तितका गोळ्यांच्या वेगांतला फरक कमी होण्यास मदत होते.’