वाचकांचे प्रश्न : धोतर, कोट आणि बूट

प्रश्न : स्नेहसंमेलनात १९१० सालच्या सोलापुरातल्या एका वकिलाच्या घरावर नाटुकलं बसवतोय. जुन्या फोटोत पणजोबा धोतर, लांब कोट, पगडी, बूट अशा वेषात दिसतात. हा वेष नेमका कसा करायचा? आणि कोर्टातून घरी आल्यावर वकील आधी पगडी काढेल की बूट?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : आधी बूट, तेही उंबऱ्याबाहेर. आपल्या रीतीत मोठ्यांपुढे डोकं झाकलेलं आणि पाय उघडे हवेत. साहेबाची रीत नेमकी उलटी, आत येताना हॅट उतरवायची आणि बूट पायातच ठेवायचे. कचेरीत या दोन्ही रीतींची गाठ पडली. शेवटी सरकारने तोड काढली : देशी जोडे असतील तर बाहेर काढा, विलायती बूट-मोजे असतील तर पायात राहू द्या. म्हणून विजारीच्या कितीतरी आधी धोतराखाली बूट आले, आणि पगडी मात्र डोक्यावरच राहिली. घरी आल्यावर तुमचा वकील पगडी आत जाऊन खुंटीला लावेल. पाहुण्यापुढे पगडी उतरवून मान लववली, तर तो साहेब झाला!

आता कपडे. धोतर पाच वार, म्हणजे साधारण साडेचार मीटर, सुती आणि बारीक काठाचं घ्या. शिवलेलं तयार धोतर नको, खुर्चीत बसल्याबरोबर उघडं पडतं. बूट असल्यामुळे धोतराची कड घोट्याच्या दोन-तीन बोटं वर ठेवा, नाहीतर टाचेखाली येऊन निऱ्या सुटतात. काष्ट्याची चुणी दोन इंचांपेक्षा रुंद घेऊ नका. जाड गोळा खोचला की कोट मागून फुगतो. कोट काळ्या अलपाकासारख्या पातळ कापडाचा, बंद गळ्याचा, गुडघ्यापर्यंत आणि मागे फट असलेला शिवून घ्या. खांद्यावर घडी घातलेलं उपरणं हवंच. मोजे पोटरीपर्यंत यायला हवेत. आजचे आखूड मोजे घातले तर बसताना मधली नडगी दिसते.

मनगटी घड्याळ नको, साखळीचं खिशातलं द्या. पांढरी गांधी टोपीही नको, ती १९२० नंतरची. सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात लष्करी कायदा लागला, तोवर ती नुसती डोक्यावरची टोपी उरलीच नव्हती.

एक गोष्ट आवर्जून सांभाळा. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, तरी हा कोट वकील, मास्तर, कारकून यांच्याच अंगावर चढला. गिरणीतला कामगार किंवा मागावरचा विणकर रंगमंचावर आणलात, तर त्याला धोतर, सदरा आणि मुंडासंच द्या.

प्रश्न : याच नाटकातल्या आजीला इरकलीखाली परकर द्यायचा का?

उत्तर : नको. नऊवारीला काष्टा असतो, परकर आत मावणार नाही. तो पाचवारीबरोबर रुळला. आजीला खणाची, पुढे गाठ मारायची चोळी द्या. सुनेला कोपरापर्यंत बाह्यांचं, बटणांचं पोलकं चालेल, बाहीला लेस लावलीत तर फारच छान. गाठ मारताना चोळीची दोन्ही टोकं आत दुमडून घ्या. ती बाहेर लोंबत राहिली की गाठ दर हालचालीला सैल होते.