नराकडे कोण बघतं?

कोल्हापूर, आषाढ

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी काचेसारखी दिसणारी रोहूची अंडी पहाटे निम्मी पांढरी पडली, असं तू लिहितोस. पाणी तपासलंस ते बरं केलंस, आमची पंचगंगाही आता गढूळच आहे. पण ज्या नराचं मिल्ट, म्हणजे शुक्राणूंचं दुधासारखं पाणी, वापरलंस, त्याच्याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

आपल्या मत्स्यबीजाच्या धंद्यालाच ही खोड आहे. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्पची, म्हणजे रोहूच्या जातकुळीतल्या माशांची, अंडी घेतली, तेव्हापासून सगळे मादीच्याच मागे: डोस किती, अंडी किती. नर पोट दाबल्यावर दूध देतो ना, मग झालं!

तसं नसतं रे. मिल्टमधले शुक्राणू निपचित असतात, पाणी लागलं की पळतात, आणि मिनिटभरात दमतात. शुक्राणू ज्यातून आत शिरतो ते अंड्याचं सूक्ष्म छिद्रही तेवढ्यातच मिटतं. म्हणून ताटली कोरडी हवी, नराचं पोट फडक्यानं टिपलेलं हवं. मिल्ट काढताना लघवीचा थेंब पडला, तरी शुक्राणू अंड्यापर्यंत पोचायच्या आत खर्ची पडतात.

आता तुझ्या पांढऱ्या अंड्यांकडे येतो. पळणारा शुक्राणू चांगलाच असेल असं नाही. प्रयोगशाळेत अतिनील किरणांनी त्याचा डीएनए निकामी करतात, तरी तो पोहत जाऊन अंडं फलित करतो. गर्भ वाढूही लागतो, कारण सुरुवातीचे तास आईनं अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर निघतात. पुढे गर्भाची स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि बापाकडून आलेली मोडतोड तिथे उघडी पडते. बाहेरून मात्र संध्याकाळी सगळं छान दिसतं.

मी यात एकदा फसलो आहे. संध्याकाळची अंडी मोजून एका तळेवाल्याला मत्स्यजिऱ्यांचा, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचा, शब्द दिला. पहाटे टाकीत पांढरा साका. त्याचं तळं त्या वर्षी रिकामं राहिलं, ते अजून बोचतं.

म्हणून दोनदा मोज. एकदा चार-पाच तासांनी, आणि पुन्हा अंड्यात पिल्लाची शेपूट फडफडायला लागली की. कमी तापमानात याला जास्त वेळ लागतो, तेव्हा घड्याळापेक्षा अंड्याकडे बघ. मेलेली अंडी काढत जा, त्यांच्यावरची बुरशी शेजारच्यांना धरते.

पुढच्या खेपेला एकाच मादीची अंडी तीन कोरड्या ताटल्यांत वाट, प्रत्येकीला वेगळा नर. पाणी एक, आई एक. मग एकाच ताटलीतली अंडी मेली, तर दोष कुणाचा ते तुलाच दिसेल. तिन्हींत सारखीच मेली, तर मादी आणि पाण्याकडे वळू. नर सख्ख्या भावंडांतले नकोत, आणि त्याच त्या नराला आठवडाभर पिळू नकोस.

आकडे वहीत लिहून पाठव. उघडीप मिळाली की मी मायक्रोस्कोप घेऊन येतो.

तुझा,
काका